एक रुग्ण, चार अभ्यासक्रम

मागील अंकातील सदरात डिस्चार्ज कार्डाविषयी लिहिताना, वैद्यकीय, परिचर्या, फिजिओथेरपी आणि समाजकार्य या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनी पदवीच्या काळातच काही गोष्टी एकमेकांबरोबर शिकायला हव्यात, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली तेवढी मूळ विषयावरही आली नाहीत. त्यांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते बारा दिवस रुग्णालयात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी ‘चालवत राहा’ असे सांगितले, फिजिओथेरपिस्टने ‘आधी आठ दिवस फक्त बसवा’ म्हटले, सिस्टरांनी ‘उठवू नका, पडतील’ अशी ताकीद दिली आणि आहारतज्ज्ञांनी ओट्स व सफरचंद लिहिलेला छापील कागद दिला, तोही आमच्या तालुक्याच्या गावी. हे सर्व जण एकाच इमारतीत काम करतात. मग त्यांना एकत्र शिकवले का जात नाही?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नात जी तक्रार आहे, तिच्यातूनच ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ या, वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्याच्या पद्धतीचा जन्म झाला आहे. चारही जणांचे सल्ले आपापल्या जागी बहुधा बरोबरच असावेत. डॉक्टरांना अंथरुणाला खिळण्याचे धोके दिसत होते, फिजिओथेरपिस्टला तोल दिसत होता आणि सिस्टरांना रात्री दोन वाजता पलंगाशेजारी पडलेला रुग्ण आठवत होता. मात्र या चार सल्ल्यांचा एक सल्ला करण्याचे काम कोणाचे, हे चौघांपैकी कोणालाही महाविद्यालयात शिकवले गेले नव्हते, आणि त्यामुळे ते काम शेवटी आपल्यावर येऊन पडले.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘एकत्र काम करण्यासाठी एकत्र शिकणे’ या आशयाचा अहवाल १९८८ मध्येच प्रसिद्ध केला होता आणि २०१० मध्ये या शिक्षणाचा सविस्तर आराखडा सदस्य देशांपुढे ठेवला. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांना काही भाग एकत्र शिकवायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये तेथे असा वॉर्ड सुरू झाला, जेथे वैद्यकीय, परिचर्या, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी देखरेखीखाली मिळून रुग्णांची सर्व काळजी घेतात. ब्रिटनमध्ये या कामासाठी ‘केप’ या नावाने ओळखली जाणारी संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली. परंतु तेथे हा विषय खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो दोन दुःखद चौकशांमुळे. ब्रिस्टल येथील बालहृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंची चौकशी २००१ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर २००३ मध्ये लॉर्ड लेमिंग यांचा अहवाल आला. व्हिक्टोरिया क्लिम्बिए या आठ वर्षांच्या मुलीचा फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये पालनकर्त्यांच्या छळामुळे मृत्यू झाला होता आणि रुग्णालय, पोलीस व समाजसेवा विभाग यांना तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी मिळाल्या होत्या, असे त्या चौकशीत आढळले. प्रत्येकाच्या हातात माहितीचा एकेक तुकडा होता. ब्रिटनमध्ये या शिक्षणाची चर्चा आरोग्य आणि समाजसेवा या दोन्ही शाखांना धरून होते, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे, आणि आपल्याकडे हा विषय डॉक्टर व नर्स एवढ्यापुरताच मर्यादित ठेवणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या एकाच आवारात वैद्यकीय, परिचर्या आणि फिजिओथेरपी अशी तीन महाविद्यालये आहेत, समाजकार्य महाविद्यालय गावात आहे. व्यवस्थापनाने यंदापासून आंतरव्यावसायिक शिक्षण सुरू करण्याचे ठरवले असून, पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना मोठ्या सभागृहात शरीररचनाशास्त्राची आणि संवादकौशल्याची सामाईक व्याख्याने द्यावीत, असा प्रस्ताव आहे. समन्वयक म्हणून माझे नाव आहे. सुरुवात बरोबर आहे का?
— परिचर्या महाविद्यालयातील एक प्राध्यापिका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : स्पष्टच लिहितो, ही सुरुवात सोयीची आहे, बरोबर नाही. केपची व्याख्या अशी आहे की दोन किंवा अधिक व्यवसायांतील व्यक्ती सहकार्य आणि सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण होते. आपल्या सभागृहात विद्यार्थी एकमेकांबरोबर फक्त बसतील. एकमेकांकडून शिकण्यासारखे त्यांच्याजवळ पहिल्या वर्षी फारसे काही नसते, आणि वक्ता व्यासपीठावरून बोलत असताना एकमेकांविषयी ते एवढेच शिकतात की कोणाचा गट कोणत्या रांगेत बसतो. सामाईक व्याख्यानाने वेळापत्रकात एक तास वाचतो, ही गोष्ट खरी आहे आणि त्यासाठी ते अवश्य ठेवावे. पण त्याला हे नाव देऊ नये.

माझ्या अनुभवाप्रमाणे आराखड्याची सुरुवात विषयापासून किंवा उद्दिष्टांच्या यादीपासून न करता एका कामापासून करावी, आणि ते काम असे निवडावे की कोणत्याही एका शाखेच्या विद्यार्थ्याला ते एकट्याने पुरे करताच येऊ नये. उदाहरणार्थ, पक्षाघाताच्या रुग्णाला घरी पाठवणे. मी एका गटाबरोबर हे काम पाहिले आहे आणि ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

रुग्ण शेतमजुरी करणारा, वय पन्नाशीच्या पुढे, उजवी बाजू लुळी, नाकातून पोटात आहार देण्याची नळी (रायल्स ट्यूब). गट सात जणांचा : वैद्यकीय शाखेचे दोन, परिचर्येचे दोन, फिजिओथेरपीचे दोन आणि समाजकार्याची एक विद्यार्थिनी. त्यांना सांगितले होते की तीन तासांच्या शेवटी मराठीत लिहिलेला एकच कागद रुग्णाच्या पत्नीच्या हातात पडला पाहिजे, आणि तो वाचून दाखवल्यावर तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगितला पाहिजे. वैद्यकीय विद्यार्थ्याने लगेच लिहिले : दर दोन तासांनी नळीतून दोनशे मिलिलिटर पातळ आहार. परिचर्येच्या विद्यार्थिनीने त्यात भर घातली की आहार देताना आणि त्यानंतर अर्धा तास पाठ उंच हवी, तसेच दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, नाहीतर पंधरा दिवसांत बेडसोर होईल. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने हाताखाली घ्यायच्या उशीचे चित्र काढले. कागद जवळजवळ तयार झाला होता. तेव्हा कोणीतरी विचारले की बाई दिवसा मजुरीला जाणार, मग दुपारचे हे सारे करणार कोण? पत्नी म्हणाली, ‘पोरगी हाय की घरी.’ सर्वांनी मान डोलावली आणि कागदावर ‘मुलगी’ असे लिहिले गेले. समाजकार्याच्या विद्यार्थिनीने तेवढ्यात पलंगाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीला विचारले, ‘तू कितवीत आहेस?’ ती नववीत होती.

त्या क्षणी गटाच्या ध्यानात आले की वैद्यकीय दृष्टीने निर्दोष असलेल्या त्यांच्या कागदाने एका मुलीची शाळा बंद केली होती आणि ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. पुढचा सव्वा तास सातही जण आहाराच्या वेळा नव्याने बसवत होते : पहाटेपासून शाळेपर्यंतच्या किती, संध्याकाळनंतरच्या किती, दुपारच्या दोन वेळांना चुलतभावजय येईल का, एका वेळी किती दिले तर चालेल हे आहारतज्ज्ञांना विचारून कोण येते, आणि नळी कधी काढता येईल हे ठरवण्यासाठी गिळण्याची तपासणी नेमकी कोणत्या तारखेला. शौचालय घराबाहेर आणि बसक्या पद्धतीचे आहे, ही बाब फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला तेव्हा कळली. तोपर्यंत त्याने सांगितलेले सर्व व्यायाम खुर्ची असलेल्या घरासाठी होते. या सत्रात व्याख्यान असे कोणी दिलेच नाही.

यातून आपल्या आराखड्यासाठी तीन-चार व्यावहारिक सूचना निघतात. गट सहा ते आठ जणांचा असावा. सुरुवातीला प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्यांनी रुग्णाला आपापल्या नजरेने स्वतंत्रपणे पाहावे, कारण आणायला स्वतःचे काही असेल तरच देवाणघेवाण होते. शेवटी हातात येणारी वस्तू एकच असावी. प्रत्येक शाखेने आपला परिच्छेद जोडून तयार केलेला कागद म्हणजे आपल्या सोलापूरच्या वाचकाला मिळालेले चार सल्लेच होत, फक्त एका पिनेने टाचलेले. रुग्णाची आणि नातेवाइकांची संमती आधी घ्यावी व सात जणांनी एकदम पलंगाभोवती गर्दी करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. पंधरा दिवसांनी गटातील दोघांनी त्या घरी फोन करावा. ते शक्य नसेल तर निदान पुढच्या तपासणीला भेटावे, कारण आपल्या कागदाचे पुढे काय झाले हे कळल्याखेरीज विद्यार्थी काहीच धडा घेत नाहीत.

मार्गदर्शकांविषयी एक इशारा. प्रत्येक गटाला दोन वेगवेगळ्या शाखांचे मार्गदर्शक द्यावेत आणि त्यांना आधी एकदा हेच काम स्वतः, विद्यार्थ्यांविना, करायला लावावे. मी पाहिलेल्या अशा एका पूर्वतयारीत पाच प्राध्यापकांना एक कागद तयार करायला दोन तास लागले आणि शेवटी अक्षर कोणाचे चांगले यावरही मतभेद झाले. पण त्या दुपारनंतर त्यांनी विद्यार्थ्यांना मध्येच तोडून उत्तर सांगणे बंद केले.

प्रश्न : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात एकूणएक तास ठरलेला आहे. आमच्याकडे एमबीबीएसचे १५० विद्यार्थी आहेत, परिचर्येचे ६० आणि फिजिओथेरपीचे ६०. वेळ कोठून काढायचा आणि हे आकडे जुळवायचे कसे?
— वैद्यकीय महाविद्यालयातील एक सहयोगी प्राध्यापक, मराठवाडा

उत्तर : वेळ नवा काढण्याची गरज कमी आहे, कारण तो आधीच दिलेला आहे, फक्त प्रत्येक शाखा तो वेगळा खर्च करते. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वैद्यकीय पदवीधराच्या ज्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, त्यांत आरोग्यसेवा देणाऱ्या गटाचा नेता ‘आणि सदस्य’ अशी एक भूमिका आहे. नेता हा शब्द सर्वांच्या लक्षात राहतो, सदस्य हा राहत नाही. वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद या घटकात आरोग्यगटात काम करण्यावर स्वतंत्र पाठ आहे. तो पाठ फक्त वैद्यकीय विद्यार्थ्यांनाच, इतर कोणी उपस्थित नसताना, शिकवणे म्हणजे कोरड्या हौदात पोहायला शिकवणे होय.

दुसरी जागा कुटुंब दत्तक उपक्रमाची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ मध्ये स्थापनेपासून प्रत्येक तुकडीला एक गाव जोडून देण्याची आणि विद्यार्थ्यांनी गावात राहून शिबिर करण्याची प्रथा ठेवली आहे. आता देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक दिली जातात. परंतु त्याच गावात परिचर्येचे विद्यार्थी सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी जातात आणि समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी. एका गावातील आजींनी मला विचारले होते, ‘सोमवारी पांढऱ्या कोटातली पोरं येऊन घरात माणसं किती विचारून गेली, बुधवारी दुसरी आली, आज तुम्ही, आमची माणसं काय दर दोन दिवसांनी बदलतात का?’ त्या तीन भेटी एका दिवशी आणि एका मिश्र गटाने केल्या, तर एकाही शाखेचा तास वाढत नाही आणि आजींचाही वेळ वाचतो. कुटुंबाची नोंदवही एकच ठेवावी.

आकड्यांचे गणित खरोखर महत्त्वाचे आहे आणि बहुतेक आराखडे येथेच घसरतात. तीस गट केले तर प्रत्येक गटात वैद्यकीय शाखेचे पाच, परिचर्येचे दोन आणि फिजिओथेरपीचे दोन येतात. समाजकार्याचा असलाच तर एक. अशा गटात चर्चा होत नाही, बहुमत होते. त्यापेक्षा वैद्यकीय तुकडीचे ७५ आणि ७५ असे दोन भाग करावेत. पहिल्या भागाला परिचर्या व फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाबरोबर आणि दुसऱ्या भागाला चौथ्या वर्षाबरोबर जोडावे, म्हणजे तीस गटांत वैद्यकीय विद्यार्थी दोन किंवा तीनच राहतात आणि इतर शाखांचे दोन-दोन. सर्व विद्यार्थी एकाच वर्षाचे असलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये. काम हाती घेण्याइतका वॉर्डाचा अनुभव प्रत्येकाजवळ आहे की नाही, एवढे पाहावे. सत्रे थोडी ठेवावीत. वर्षात तीन नीट सत्रे पार पडली तरी मी त्याला यश म्हणेन.

प्रश्न : आमच्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना एका रुग्णालयाच्या अशाच उपक्रमात बोलावले होते. त्यांच्या वाट्याला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे गोळा करण्याचे काम आले आणि चर्चेत कोणी त्यांचे मत विचारले नाही. मुले हिरमुसून परतली. पुन्हा पाठवावे का?
— समाजकार्य महाविद्यालयातील एक प्राध्यापक, खानदेश

उत्तर : पाठवावे, परंतु अटी घालून पाठवावे. वेगवेगळे गट नुसते जवळ आले की पूर्वग्रह आपोआप कमी होतात, असे नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते की त्यासाठी समान दर्जा, समान ध्येय, प्रत्यक्ष सहकार्य आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा लागतो. यांतील पहिली अट मोडलेली असेल तर भेटीनंतर पूर्वग्रह अधिक घट्ट होतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेमके तेच झाले. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाच्या) खिडकीशी उभे राहणे हे गरजेचे काम आहे, पण समाजकार्याच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचे ते सार आहे असे जर एकदा वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मनात बसले, तर पुढे तीस वर्षे तो ‘एमएसडब्ल्यूला (वैद्यकीय समाजसेवकाला) कळवा’ एवढेच केस पेपरवर लिहीत राहतो.

मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय १९३६ मध्ये सुरू झाले, आणि जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ मध्ये झाली. म्हणजे भारतीय रुग्णालयातील ही भूमिका प्रजासत्ताकापेक्षा जुनी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका एकत्र बसून रुग्णाचा विचार करतात, आणि तेथे समाजकार्यकर्त्याने मांडलेला कुटुंबाचा इतिहास ही निदानाची सामग्री मानली जाते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीतही वैद्यकीय व मनोसामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश आहे. हे सर्व आपल्या विद्यार्थ्यांनी सांगण्यापेक्षा उपक्रमाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत वैद्यकीय शाखेच्या प्राध्यापकाने सांगितले, तर त्याचा परिणाम अधिक होतो.

अटी अशा घालाव्यात. गटात आपला एकच विद्यार्थी नसावा, दोन असावेत. संख्या पुरत नसेल तर कमी गटांना पाठवावे. मार्गदर्शकांपैकी एक आपल्या महाविद्यालयाचा असावा आणि त्याला मानधन व सही करण्याचा अधिकार इतरांइतकाच असावा. सत्रात ॲप्रन काढून बसावे आणि छातीवर नुसते नाव व अभ्यासक्रम लिहिलेली पट्टी असावी. ही बारीक बाब वाटेल, परंतु एकाच वयाची मुले असूनही परिचर्येची मुलगी समोरच्याला ‘सर’ म्हणते आणि तो तिला ‘सिस्टर’ म्हणतो, तेथेच निम्मी चर्चा संपलेली असते. शक्य झाल्यास बोलण्याची सुरुवात त्याने करावी ज्याने रुग्णाबरोबर सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. बहुतेक वेळा तो मान परिचर्येकडे किंवा आपल्याकडे येतो.

आपल्या शाखेकडून इतरांनी घ्यावे असेही काही आहे आणि ते आपण संकोच न करता पुढे करावे. क्षेत्रकार्यानंतर विद्यार्थ्याने सविस्तर नोंद लिहायची आणि दर आठवड्याला पर्यवेक्षकाशी एकट्याने चर्चा करायची, ही शिस्त वैद्यकीय शिक्षणात जवळजवळ नाही. गोपनीयतेचा प्रश्नही आपल्याकडूनच नीट मांडला जाईल. एखाद्या रुग्ण स्त्रीने आपल्या विद्यार्थिनीला घरातील मारहाणीविषयी विश्वासाने सांगितले, तर ते सात जणांच्या गटात सांगायचे का, किती सांगायचे, केस पेपरवर लिहायचे का, आणि तो पेपर नवऱ्याच्या हातात पडू शकतो याचे काय? हे एक प्रकरण तासभर चर्चेला पुरते, आणि डॉक्टर, परिचारिका व समाजकार्यकर्ते यांच्या गोपनीयतेच्या कल्पना किती निराळ्या आहेत हे त्यातून उघड होते.

आरोग्यशाखा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि आपण दुसऱ्या विद्यापीठाकडे, ही अडचण खरी आहे. सध्या त्यावरचा उपाय एवढाच की दोन महाविद्यालयांत लेखी करार करावा आणि रुग्णालयातील सत्रांचे दिवस आपल्या क्षेत्रकार्याच्या तासांत अधिकृतपणे धरावेत.

प्रश्न : अशा शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो, याला पुरावा काय? आणि गुण कसे द्यायचे?
— एक प्राचार्य, पुणे

उत्तर : पुरावा आहे, परंतु प्रचारकी पत्रकांत सांगतात तितका भक्कम नाही. कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात १९९९ मध्ये निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नव्हता, २००८ मध्ये सहा सापडले आणि २०१३ मध्ये पंधरा. त्या पंधरांपैकी सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र आणि चारांत काहीच नाही. शिवाय ते बहुतेक नोकरीत असलेल्या व्यावसायिकांवरचे होते, पदवीच्या विद्यार्थ्यांवरचे नव्हते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक महाविद्यालये सत्राआधी आणि सत्रानंतर एक प्रश्नावली भरून घेतात. ‘इतर शाखांबरोबर शिकणे मला उपयुक्त वाटते’ या वाक्याला संध्याकाळी पाच वाजता, चहा-बिस्किटांनंतर, सहमती वाढलेली दिसते यात नवल नाही. प्रश्नावली वाईट नव्हे, पण तिने वृत्ती मोजली जाते, वागणूक नव्हे.

मी आपल्या जागी असतो तर तो मराठी कागद तपासला असता. नातेवाइकाला तो परत सांगता आला का, त्यातील सूचना एकमेकींना छेद देतात का, दिवसभरात ते काम कोण करणार हे लिहिले आहे का, आणि पंधरा दिवसांनी त्यातले किती टिकले, ही चार परिमाणे पुरेशी आहेत. गुण गटाला समान द्यावेत आणि त्याला जोडून प्रत्येकाने एक पान वैयक्तिक लिहावे : दुसऱ्या शाखेच्या कोणत्या माणसामुळे माझे कोणते मत बदलले. ‘सर्वांचे सहकार्य लाभले’ अशी वाक्ये असलेले पान परत करावे.

एक गोष्ट मात्र प्राचार्य म्हणून आपल्याच हातात आहे. या कामाला परिचर्येच्या अंतर्गत मूल्यमापनात गुण असतील आणि वैद्यकीय शाखेत नुसती उपस्थिती असेल, तर दुसऱ्या सत्रापासून वैद्यकीय विद्यार्थी ग्रंथालयात सापडतील. सर्व शाखांत भार सारखा ठेवता येत नसेल तर उपक्रम एक वर्ष पुढे ढकलावा, पण तो भार आधी ठरवावा.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. गटात वैद्यकीय विद्यार्थी काही चुकीचे बोलत असेल तर मी त्याला सांगू शकते का? उद्धटपणा वाटेल अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी, कोकण

उत्तर : सांगू शकता, आणि आताच सांगायला शिका, कारण नोकरीत लागल्यावर ते अधिक अवघड होते. मी इंटर्न असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. एक अनुभवी सिस्टर तीन वेळा माझ्याकडे येऊन म्हणाल्या, ‘सर, बेड बारा परत एकदा बघता का?’ मी तिन्ही वेळा ‘बघतो’ म्हणालो आणि हातातले दुसरे काम करत राहिलो. संध्याकाळी सहापासून त्या रुग्णाच्या लघवीच्या पिशवीत थेंबही उतरला नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते सांगितले नाही, कारण डॉक्टरला सुचवायचे असते, सांगायचे नसते असे त्या शिकल्या होत्या. मी विचारले नाही, कारण सिस्टरच्या प्रश्नात माहिती असते हे मी शिकलो नव्हतो. पहाटे रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने तो वाचला.

यासाठी अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली एक साधी रीत आहे, ती चार पायऱ्यांची : आताची स्थिती, त्यामागची पार्श्वभूमी, माझा अंदाज आणि माझी विनंती. ती रीत वापरली असती तर ते वाक्य असे झाले असते : ‘बेड बाराच्या पिशवीत सहापासून लघवी नाही. काल शस्त्रक्रिया झाली आहे, नाडी वाढते आहे आणि रक्तदाब उतरतो आहे. मला वाटते शरीरातील पाणी कमी पडते आहे किंवा आत रक्तस्राव होत असावा. आपण आत्ता माझ्याबरोबर या.’ यात उद्धट असा एकही शब्द नाही, आणि ‘बघतो’ म्हणून सुटण्याची सोयही नाही. आपल्या पुढच्या सत्रात गटातील वैद्यकीय विद्यार्थ्याला समोर बसवून हे चार वाक्यांत बोलून पाहा, त्याला ते जसेच्या तसे परत सांगायला लावा, आणि मग जागा बदलून तो सिस्टर व आपण डॉक्टर असे एकदा करून पाहा.